दामाजी नाखवांची मोजणी

दामाजी नाखवा आमच्या कारखान्यात कुणालाच फारसे आवडत नसत. मला तर मुळीच नाही. मानपाड्याला आमचा व्हॉल्व्हचा कारखाना होता. मी तिथे स्टोअरमध्ये आणि दामाजीकाका तपासणी खात्यात. वय पंचेचाळीसच्या आसपास, अंगाने शिडशिडीत, ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातले. घरची होडी धाकट्या भावाने सांभाळली आणि हे रसायनशास्त्र शिकून नोकरीला लागले. खाडीवरच्या माणसाचा आवाज मोठा असतो असं आम्ही समजत होतो. यांचा आवाज इतका हळू की ऐकायला पुढे वाकावं लागे, आणि वाकून ऐकलं तर बहुतेक वेळा एखादा नियमच कानावर पडे.

हे सगळे नियम एका यंत्राचे होते. स्टेनलेस स्टीलचे दोन तुकडे दिसायला सारखेच असतात. एक ॲसिडच्या पाइपावर वर्षानुवर्षं टिकतो, दुसरा सहा महिन्यांत गळायला लागतो. कुठला कोणता हे ओळखायला शेठने शहाऐंशी साली एक परदेशी यंत्र आणलं. खांद्याला अडकवायची पेटी आणि तिला वायरीने जोडलेला, हातात धरायचा प्रोब. प्रोबच्या तोंडाशी छोटी खिडकी, खिडकीमागे पितळी झडप, झडपेमागे किरण सोडणारा बाजरीएवढा सोर्स. खटका दाबला की झडप उघडते, किरण धातूवर पडतात, धातू उलट आपले क्ष-किरण पाठवतो आणि त्यावरून पेटी त्याची जात सांगते. खटका सोडला की झडप बंद, आणि मुठीवरची खूण लाल होती ती हिरवी होते.

यंत्र चालवायची शेवंती. विठ्ठलवाडीला राहायची, लग्नाला दीड वर्ष झालेलं, हात चलाख. दामाजीकाकांचं काम म्हणजे दर महिन्याच्या सव्वीस तारखेला सर्व्हे मीटर घेऊन यंत्राभोवती फिरायचं आणि कुठून किरण निसटतात का ते बघायचं. मुठीपाशी, पेटीपाशी, तोंडाशी, एक वीत अंतरावर, एक हात अंतरावर. प्रत्येक ठिकाणी घड्याळ लावून एक मिनिट थांबायचं आणि आकडा वहीत लिहायचा. दोन वर्षं आकडा काही हलला नाही, तरी हे गृहस्थ दर महिन्याला तितक्याच गंभीरपणे मिनिटं मोजत उभे. आम्ही पाठीमागे हसायचो. यंत्र ठेवायच्या लोखंडी कपाटाच्या दोनच किल्ल्या होत्या. एक त्यांच्याकडे, दुसरी स्टोअरचा म्हणून माझ्याकडे.

अठ्ठ्याऐंशी सालची खंडेनवमी बुधवारी आली. मानपाड्याच्या पट्ट्यात त्या दिवशी दुपारनंतर एक मशीन फिरत नाही. लेथ धुऊन पुसून त्यांना झेंडूच्या माळा, ड्रिलला कुंकू, हातोडीला फूल, एवढंच काय, झाडूलाही फूल. दामाजीकाकांनी मात्र सकाळीच प्रोब कपाटात घालून कुलूप लावलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं, म्हणजे त्यांच्या मानाने, सांगितलं की सोर्सला हळदकुंकू लावायचं नाही. मग अर्धा दिवस रजा टाकून ते घरच्या होडीच्या पूजेला ठाण्याला गेले. स्वतःच्या होडीला पूजा आणि आमच्या यंत्राला कुलूप. मला राग आला, हे खरं कारण. दुसरंही एक होतं. ज्या यंत्रामुळे कारखान्याचं नाव झालं ते त्या दिवशी अंधारात बसलेलं मला बघवेना. मी लहानपणापासून नवमीला घरातली विळीसुद्धा पूजेविना राहिलेली पाहिली नव्हती.

चार वाजता सगळे प्रसादाला गेले तेव्हा मी कपाट उघडलं. प्रोब पाटावर ठेवला, फूल वाहिलं. मिटलेल्या डोळ्याला कुंकू कसं लावायचं म्हणून मी खटका दाबून झडप उघडली, खिडकीच्या कडेला ओलं कुंकू लावलं आणि चिमूटभर अक्षता टाकल्या. खिडकीवरचा पातळ पडदा एका कडेने सुटलेला होता. अक्षता मी झटकल्या, कुंकू फडक्याने पुसलं, प्रोब होता तसा कपाटात ठेवला. खूण हिरवी होती. ती खूण खटक्याला जोडलेली असते, झडपेला नाही, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

गुरुवारी दसरा, शुक्रवारी साप्ताहिक सुट्टी. शनिवारपासून काम सुरू झालं आणि पुढच्या बुधवारी सव्वीस तारीख आली. सकाळी काम सुरू व्हायच्या आधी दामाजीकाका मीटर घेऊन उभे राहिले. मी दारातून बघत होतो. प्रोबच्या तोंडासमोर मीटर नेल्यावर, खटका दाबलेला नसतानाही, काटा उठला. त्यांनी मीटर मागे घेतला, बॅटरी बदलली, पुन्हा नेला. काटा पुन्हा उठला. त्यांनी शेवंतीला हाताने लांब सारलं आणि विचारलं, खटका सोडल्यावर हे तू कुठे ठेवतेस?

तिने सहज दाखवलं. ती बुटक्या स्टुलावर बसायची, समोर तुकड्यांचा ढीग. एका हातात तुकडा, दुसऱ्यात खुणेच्या रंगाचा ब्रश, म्हणून प्रोब मांडीत, तोंड पोटाकडे. टेबल आणि प्रोब अडकवायचा स्टँड द्या म्हणून काका दोन वर्षं मागे लागले होते, मॅनेजर आज देतो उद्या देतो करत होते. किरण मोजणारा बिल्ला तिच्या छातीवर होता. झोत लागत होता खाली.

दामाजीकाकांचा चेहरा बघून ती घाबरली. मग खाली मान घालून तिने सांगितलं की दोन महिने वर झालेत. तिसऱ्या महिन्यातली चोरओटी भरायची होती, तोवर कुणाला बोलायचं नाही असं सासूबाईंनी बजावलं होतं. दिवस राहिले तर त्याच दिवशी मला सांगायचं, हा काकांचा नियम तिला पाठ होता, पण सासूपुढे काकांचं काय चालणार. दामाजीकाका ढिगाशेजारी जमिनीवरच बसले. मी दारात उभा होतो आणि झडपेत काय अडकलंय ते त्या क्षणी मला कळलं.

मॅनेजर धावत आले आणि त्यांनी लगेच हुकूम सोडला, झडप साफ करा, यंत्र नीट करा, कागदावर काही नको. सगळ्यांना ते बरोबरच वाटलं. गळका नळ आधी बंद करतात, मोजत बसत नाहीत. दामाजीकाकांनी नाही म्हटलं. आज ही झडप साफ केली तर या पोरीच्या पोटाला किती लागलं ते पुन्हा कधीच कुणाला कळणार नाही, आधी मोजणी, मग सफाई, असं ते म्हणाले. मॅनेजर ओरडले, नोकरीची भाषा केली. काका त्याच हळू आवाजात तेच वाक्य पुन्हा बोलले.

मग दीड दिवस त्यांनी जे केलं ते मी आयुष्यात विसरणार नाही. सुताराकडून लाकडाचा खोटा प्रोब करून घेतला. तो हातात देऊन शेवंतीला तिच्या स्टुलावर बसवलं आणि रोजचं काम जसंच्या तसं करायला लावलं. ती तुकडा उचलते, खटका दाबल्यासारखं करते, प्रोब मांडीत ठेवते, रंग लावते. हे हातात घड्याळ धरून प्रोब किती वेळ मांडीत असतो त्याची बेरीज करतायत. ती मधेच रडायची, हे थांबायचे, पाणी द्यायचे, पुन्हा सुरू. तिला घरी पाठवल्यावर खरा प्रोब तिच्या मांडीच्या उंचीवर बांधून ते लांबून मीटर धरून बसले.

बुधवारी संध्याकाळी मॅनेजरनी मला बोलावलं. माझं कायम व्हायचं पत्र दिवाळीला निघणार होतं. त्यांनी ते बोलून दाखवलं नाही, फक्त म्हणाले की तुझ्याकडे किल्ली आहे, झडप साफ करायला एक टाचणी पुरे. मला आणखी काय हवं होतं. टाचणी फिरवली की दाणा निघणार, दाण्याबरोबर माझी पूजाही जाणार.

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत मी टाचणी घेऊन गेलो. कपाट उघडलं. प्रोबला दोऱ्याने एक पुठ्ठा बांधला होता आणि त्यावर काकांच्या अक्षरात लिहिलं होतं, 'हात लावू नये. शेवंतीची मोजणी अर्धी राहिली आहे.' धोका, किरण, कायदा, यातलं काही नाही. मी कपाट बंद केलं. हा माझा चांगुलपणा म्हणून सांगत नाही, कारण तिथून सरळ जाऊन काकांना खरं सांगायला हवं होतं आणि मी ते केलं नाही. मी डबा उघडून जेवलो.

चार वाजता आकडा आला. मांडीत प्रोब रोजचे तीन तास, पोटापाशी तासाला चाळीस मिलीरॉन्टजेन. गळती कधी सुरू झाली ते माहीत नाही, म्हणून मागच्या सव्वीस तारखेपासून धरायची, हा त्यांचा नियम. कामाचे दिवस चोवीस. एकूण अठ्ठावीसशे ऐंशी. गरोदर बाईसाठी त्यांच्या पुस्तकातली मर्यादा पाचशेची होती. त्यांनी तिला समजावलं की ही कातडीवरची मोजणी आहे, आत त्याहून कमीच पोचतं, पण किती कमी ते मी सांगू शकत नाही, मी मोठ्या लोकांना पत्र लिहितो. उत्तर यायला महिना लागणार होता. तिने विचारलं, बाळाला काही होणार नाही ना? त्या माणसाला साधं 'नाही' म्हणता आलं नाही. त्याने आकड्याचा कागद तेवढा तिच्या हातात दिला. मला त्या वेळी त्यांचा भयंकर संताप आला. आज कळतं की तो संताप माझा माझ्यावरच होता.

चोवीस दिवस नव्हतेच. चारच दिवस होते. शनिवार ते मंगळवार. हे जगात फक्त मला माहीत होतं.

शुक्रवारी सकाळी शेवंतीचा नवरा तानाजी कल्याणला माझ्या घरी आला. उद्या ती कामाला येणार नाही, रजेचा अर्ज तेवढा द्या, म्हणाला. त्यांच्या डॉक्टरांनी कागद बघितला होता. पाचशेच्या जागी अठ्ठावीसशे म्हटल्यावर त्यांनी सरळ सांगितलं की ठेवू नका. शनिवारी सकाळी दहाची वेळ घेतली होती. मी अर्ज घेतला, बरं म्हणालो. तो गेल्यावर पाच मिनिटं मी तसाच उंबऱ्यात उभा होतो. मग चप्पल घातली आणि ठाणं गाठलं.

दामाजीकाका कोळीवाड्यातल्या घरी ओटीवर बसले होते. समोर वही, त्यात तीच बेरीज चौथ्यांदा मांडलेली. डोळे सुजलेले. मी उभ्याउभ्याच बोललो.

"काका, नवमीला मी प्रोब बाहेर काढला. झडप उघडून पूजा केली. एखादी अक्षता आत गेली असणार."

मला वाटलं ते मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"किती वाजता?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. मग एकेक प्रश्न. त्या दिवशी पूजेनंतर यंत्र कुणी चालवलं का? सुट्टीत कपाट उघडलं का? झडप आधी नीट बंद होत होती हे कशावरून? शेवटच्या प्रश्नाला मी म्हणालो की खटका सोडला की टक् असा आवाज यायचा, पूजेनंतर तो आला नाही आणि मी लक्ष दिलं नाही. ते सगळं वहीत लिहीत गेले. मी विचारलं, तुमचा विश्वास बसला ना?

"नोकरी वाचवायला माणूस खोटं बोलतो," ते म्हणाले, "घालवायला नाय. पण आकडा मी तुझ्या शब्दावर बदलणार नाय. चल."

आम्ही मानपाड्याला गेलो. सुट्टीचा कारखाना, वॉचमनने दार उघडलं. काकांनी प्रोबसमोर शिशाचा पत्रा उभा केला, माझ्याकडून खटका दाबून घेतला आणि लांब चिमट्याने, आरशात बघत, झडपेच्या फटीत शोधायला लागले. दहा मिनिटं गेली. दोनदा चिमटा रिकामा आला. काही सापडलं नाही तर चोवीस दिवसच राहणार होते आणि सकाळचे दहाही. माझं बोट खटक्यावर बधिर झालं. तिसऱ्या खेपेला चिमट्याच्या टोकाला कुंकवाने लाल झालेला तांदळाचा दाणा आला. त्यांनी खटका सोडायला सांगितला. झडप टक् करून बसली. मीटर नेला तर काटा जागचा हलला नाही.

त्यांनी नवी बेरीज मांडली. चार दिवस, बारा तास, चारशे ऐंशी. मग कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. मी काय केलं, कधी केलं ते लिहून सही केली. तो कागद मॅनेजरकडे जाणार हे मला माहीत होतं आणि त्यांनीही ते लपवलं नाही. त्याखाली त्यांनी स्वतःचं लिहिलं की मी महिन्यातून एकदाच मोजत होतो, रोज सकाळी मोजलं असतं तर शनिवारीच कळलं असतं, ही चूक माझी. मी म्हणालो, काका, हे कशाला? ते म्हणाले, झालंय ना तसं?

विठ्ठलवाडीला पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. शेवंतीची सासू हौसाबाई दारातच बसली होती. तिने आम्हाला आत या म्हटलं नाही. दामाजीकाका दारातच खाली बसले आणि दोन्ही कागद समोर ठेवून तिला सांगायला लागले. एरवी दोन वाक्यांत गप्प होणारा माणूस अर्धा तास बोलला. दिवस कसे मोजले, आधी चोवीस का धरले, आता चार का, दाणा कसा सापडला. हौसाबाईला आकड्यांशी देणंघेणं नव्हतं. तिने एकच विचारलं, तुमची लेक असती तर उद्या नेली असती का?

काकांनी मान वर करून आत बघितलं. आत शेवंती भिंतीला टेकून उभी होती.

"काल विचारलं असतंस तर मला सांगता आलं नसतं, बाय," ते म्हणाले. "आज सांगतो. नसती नेली. डॉक्टरला हा कागद दाखव, मी सोबत येतो. पण माझ्या लेकीला मी नसती नेली."

हौसाबाईने पदर तोंडाला लावला. तानाजी उठून बाहेर गेला. शेवंती पुढे आली. ती काकांकडे नाही, माझ्याकडे बघत होती.

"तुम्हाला कधी कळलं, सुधीरभाऊ?"

"बुधवारी," मी म्हणालो. "सकाळीच."

तिने मान हलवली. तीन दिवस ती ज्या घरात रडत होती ते घर माझ्या घरापासून वीस मिनिटांवर होतं. ती आत गेली.

दुसऱ्या दिवशी दामाजीकाका नवा कागद घेऊन तिच्याबरोबर डॉक्टरकडे गेले आणि दहाची वेळ रद्द झाली. माझी नोकरी दिवाळीच्या आधी गेली. मॅनेजरनी काकांनाही काढायचा प्रयत्न केला, पण यंत्र वापरायचं लायसन्स त्यांच्या नावावर होतं. मला कल्याणला एका कापडाच्या दुकानात काम मिळालं. मला कुणी विचारलं तर मी कारखाना बंद पडला असं सांगत असे.

मे महिन्यात एका दुपारी दामाजीकाका दुकानात आले. घामाघूम, हातात दोऱ्याने बांधलेली कागदाची पुडी. मी स्टूल पुढे केलं, ते बसले नाहीत. शेवंतीला मुलगी झाली, म्हणाले. बाळ ठणठणीत आहे, त्यांनी स्वतः जाऊन बघितलंय, हाताची बोटं दहा, पायाची दहा, दोनदा मोजली. मला हसू आलं आणि डोळेही भरून आले. मग त्यांनी पुडी माझ्यासमोर ठेवली.

"पेढे आहेत. तिने तुझं नाव घेऊन दिले नायत," ते म्हणाले. "कारखान्यातल्या सगळ्यांना म्हणून दिलेत. त्यात तू येतोस, असं मी धरलं."

एवढं बोलून ते उन्हात निघून गेले. गिऱ्हाईक समोर ताटकळत होतं आणि मला पुडीची गाठ सुटेना.